वडिलांच्या हाताखाली काम केलेले इथे किती जण आहेत? (मुलाला दुकानात न्यावं का?)

गल्ल्यामागचा

नमस्कार मंडळी.

नाशिकला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी वाढवलं, आता मी बघतो. पाचवीपासून मी सुट्टीत दुकानात असायचो. सुरुवातीला चुका-खिळे वजन करून कागदात बांधायचे आणि गिऱ्हाइकांनी उचकटून ठेवलेले खोके परत लावायचे. पाइप जोडायचे अर्ध्या इंचाचे एल्बो एकीकडे, पाऊण इंचाचे दुसरीकडे, निपल वेगळे, टी वेगळ्या. वडील एका शब्दाने शिकवत नसत. चुकलं की खोकं पुन्हा समोर ओतून निघून जायचे.

आता माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, जूनमध्ये आठवीत जाईल. या सुट्टीत त्याला दुपारचे दोन तास दुकानात आणावं असं माझ्या मनात आहे. बायकोने रोबोटिक्सचा क्लास बघून ठेवलाय. ती म्हणते, "तू बसलास म्हणून त्यानेही बसायचं का?" वडील म्हणतात, "आण की, घरी तरी मोबाईलच बघतोय." आणि चिरंजीवांना विचारलं तर पहिला प्रश्न आला, "किती देणार?"

तुमच्यापैकी कोण कोण वडिलांबरोबर काम करत मोठं झालं? त्यातून हाती काय लागलं आणि काय हुकलं? पैसे द्यावेत की देऊ नयेत? दोन्ही बाजूंचं ऐकायचंय. फक्त "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच लिहू नका, ते घरात रोज ऐकतो.

चहाटळ

"किती देणार" हा पहिला प्रश्न असेल तर पोरगं तयार झालंय. आता तुम्हीच एखादा क्लास लावा.

काजंबटण

आम्ही शिंपी. वडिलांचं दुकान बाजारपेठेत, दोन मशिनी. पण त्यांनी मला स्वतःच्या हाताखाली घेतलंच नाही. मागच्या गल्लीत त्यांचे एक स्नेही होते, त्यांच्याकडे बसवलं. आई चिडली, "घरचं दुकान असताना पोराला दुसऱ्याच्या दारात कशाला?" वडिलांचं उत्तर होतं, "माझ्याकडे राहिला तर हा रुसणार आणि मी समजूत काढत बसणार. काम कोण शिकणार?"

तिथे आधी फक्त उसवणं. मग काजं. तेव्हा शर्टाची काजं हाताने करत. दोऱ्याला मेण लावायचं, चीर द्यायची आणि कडेने टाके असे घ्यायचे की गाठींची एक बारीक रांग उठली पाहिजे. एक टाका लांब पडला तरी काका नखाने दाखवायचे, बोलायचे नाहीत. जूनमध्ये गणवेश आणि दिवाळीच्या आधी सगळंच, अशा दिवसांत रात्री अकरापर्यंत चिमणीएवढ्या बल्बखाली बसायचो. कात्री हातात मिळायला कॉलेज उजाडलं. कापड गिऱ्हाइकाचं असतं ना, एकदा कातरलं की गेलं.

तेव्हा गल्ल्यामागचा, आणायचं तर आणा, पण गल्ल्यापाशी बसवू नका. दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या हाताखाली द्या आणि तुम्ही मध्ये पडू नका.

गल्ल्यामागचा

@काजंबटण, हे डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे एक मामा आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना विचारतो. फक्त दुकानातली मुलं त्याला आत्ताच "छोटे शेठ" म्हणतात, ते आधी बंद करायला हवं.

चाड्यावरची_मूठ

आमच्याकडे "न्यावं का" हा प्रश्नच नव्हता. शेत होतं, बैल होते, मग पोरं पण होतीच.

सोलापूर जिल्हा, कोरडवाहू रान. हस्ताचा पाऊस पडून वापसा (पेरणीजोगी ओल) आला की शाळवाची, म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी. वडील (आम्ही दादा म्हणायचो) तिफण धरायचे आणि चाड्यावर आई असायची. एका वर्षी आई आजारी होती म्हणून चाडं माझ्याकडे आलं. ज्यांनी तिफण बघितली नाही त्यांच्यासाठी: वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्याला खाली तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी खाली फणापर्यंत जाते. मुठीत बी घ्यायचं आणि बोटांच्या फटीतून ते सारखं सोडत राहायचं. बैल चालतात तसं आपण चालायचं. बैल वळला की मूठ बंद, सरळ झाला की चालू. मूठ सैल पडली तर दाट उगवतं, आवळली तर नांग्या (मोकळ्या जागा) पडतात.

आणि हे त्या दिवशी कुणाला दिसत नाही. आठवड्याने रान उगवून आलं की सगळ्या गावाला रस्त्यावरून दिसतं की चाड्यावर कुणाचा हात होता. दादा मला बांधावर घेऊन गेले. ओळीनं बघत गेले. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हितं तू दमला व्हतास." बास, एवढंच. मी खरंच तिथे दमलो होतो.

आता ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं आलीत, चाड्यावरची मूठ कुणाला नको. मी पुण्यात नोकरी करतो. पण कुणी काम पाहून मोघम "छान झालंय" म्हणालं की मला ते खरं वाटत नाही. दमलो कुठे ते सांगा म्हणावंसं वाटतं.

हडसनकाठ

@चाड्यावरची_मूठ, "हितं तू दमला व्हतास" वाचून थांबलेच मी.

आमची परिस्थिती सांगते. न्यूजर्सीत आहोत, नवरा घरून काम करतो. मुलीच्या शाळेत "बाबा काय करतात" यावर बोलायचं होतं. तिने सांगितलं, "माझे बाबा दिवसभर लोकांना सांगतात की तुमचा आवाज येत नाही." गेली चार वर्षं ती त्याच घरात त्याच भिंतीपलीकडे आहे आणि तिला एवढंच कळलंय. तिला काय हाताखाली घेणार? स्प्रेडशीट धरून उभी राहा म्हणणार?

चहाटळ

@हडसनकाठ, हसून हसून पुरती वाट. पण मुलीचं वर्णन अचूक आहे. आमच्या ऑफिसचंही तेच.

कपबशी

धागा गोड चाललाय, मी जरा कडू लिहितो. चालवून घ्या.

आमचं एसटी स्टँडसमोर चहा-भज्यांचं हॉटेल होतं. मी तिसरीपासून कपबशा विसळल्या. सुट्टीत दोन तास वगैरे काही नव्हतं. शाळा सुटली की थेट हॉटेल, शेवटची गाडी जाईपर्यंत. थंडीत हात उलायचे, त्यात सोडा लागला की आग व्हायची. दहावीला पहिल्या प्रयत्नात दोन विषय राहिले. तेव्हा वडील काय म्हणाले? "बरं झालं, आता पूर्णवेळ येशील."

वडील वाईट नव्हते. माणूस ठेवायचा तर पगार द्यावा लागायचा आणि मी फुकट होतो. हा साधा हिशोब होता, त्याला संस्कार-बिंस्कार नावं नंतर चिकटतात. वर पेरणीचं जे लिहिलंय ते सुंदरच आहे. पण ते सुंदर वाटतं कारण लिहिणारे त्यातून बाहेर पडले. जे पडले नाहीत ते इथे लिहायला आलेले नाहीत, ते आत्ता कपबशा विसळतायत.

गल्ल्यामागचा, तुमचा मुलगा उद्या "नको" म्हणाला तर तुम्ही ऐकणार का? ऐकणार असाल तर खुशाल न्या.

कायद्याचं_बोला

@कपबशी यांच्या मुद्द्याला जोडून. बालकामगारांचा कायदा १९८६ चा आहे, २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही, पण घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केली तर चालते. अट अशी की काम धोक्याचं नसावं आणि शिक्षणात अडथळा येऊ नये. चौदा ते अठरा वयाच्या मुलांनाही धोक्याची कामं वर्ज्य आहेत.

या "घरच्या धंद्यात चालेल" वर तेव्हा बरीच टीका झाली होती, आणि ती कपबशी सांगतायत त्याच कारणासाठी. शाळा सुटल्यापासून शेवटच्या गाडीपर्यंत, हेही कागदावर "मदत" म्हणूनच दाखवता येतं.

धागाकर्त्यांचे दोन तासही निव्वळ सुट्टीतली मदतच राहायला हवेत. पाइप कापायचं यंत्र, ॲसिडचे कॅन, थिनर यांच्यापासून मात्र लांब ठेवा.

पेपरवाल्याचं_पोट्टं

आमचे बाबा अकोल्याले पेपरचे एजंट. पहाटे चारले स्टँडवर गठ्ठे उतरत. "काहून बे, निजला का?" हा आमचा गजर. रविवारी पुरवण्या घालाच्या, हात काळे कुट्ट. पावसाळ्यात पेपर भिजला त गिऱ्हाईक बाबाले नाही, मलेच बोले.

पण दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस म्हणजे आपलं राज्य होतं भाऊ! तेव्हा नंबर पेपरातच छापून येत. अर्धं गाव पहाटेपासून आमच्या गठ्ठ्याभोवती. वर्गातले मले कधी न विचारणारे पोट्टे हात जोडून उभे. बाबानं एक गोष्ट तेव्हा सांगतली, ते ध्यानात राहिली: कोणाचा नंबर नसला त मोठ्यानं सांगू नको, पेपर त्याच्याच हाती दे, त्याले पाहू दे.

काजंबटण

@पेपरवाल्याचं_पोट्टं, तुमचे बाबा थोर माणूस. आमच्याकडचा पेपरवाला चौकातून ओरडून सांगायचा.

खिळेजुळारी

पेपरवरून आठवलं. वडिलांचा छापखाना होता, ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या (म्हणजे शिशाच्या सुट्ट्या अक्षरांच्या) केसी. तालुक्याच्या गावी छापखाना म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, आणि निवडणूक लागली की झोप नाही.

माझं काम म्हणजे छापून झालेला मजकूर सोडवून खिळे परत आपापल्या खणांत टाकणं. मराठीचे खण काही विचारू नका. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे आरशातलं आणि खालचं वर झालेलंही वाचायची सवय आपोआप लागते. शाळेत टेबलापलीकडे सरांच्या वहीत काय लिहिलंय ते मला उभ्या उभ्या वाचता यायचं. मार्क सगळ्यांच्या आधी मला कळत. वर्गात माझा भाव केवढा असेल बघा.

शिशाचं काम म्हणून वडील जेवायच्या आधी हात राखेने घासायला लावत आणि वर गुळाचा खडा देत. गुळाने शिसं उतरतं असा तेव्हा समज होता. उतरत असेल-नसेल, गूळ मिळायचा.

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणं आलं. मी तोवर कॉलेजात. संगणक घेतला, श्रीलिपी हे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि एका वर्षात वडील माझ्या हाताखाली आले. म्हणजे मी खुर्चीत आणि ते मागे उभे. "ती मात्रा जराशी डावीकडे घे." मी म्हणायचो, अण्णा, फाँटमध्ये ती जिथे आहे तिथेच बसते. ते म्हणायचे, "मग तो फाँट चुकीचा आहे." आता एवढी वर्षं याच कामात घालवल्यावर सांगतो, ते बरोबर होते, ती मात्रा डावीकडेच हवी होती.

केसी आणि खिळे वजनावर गेले. वडील त्या दिवशी शेतावर जातो म्हणून निघून गेले. शेत आमच्याकडे नव्हतंच.

चहाटळ

@खिळेजुळारी, आधी हसवलंत आणि शेवटच्या ओळीत असं? दंडवत.

वायंडिंगवाली

मुलींचं कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते.

अकलूजकडे आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. ऊसपट्टा, त्यामुळे उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटरी जळतात आणि दुकानासमोर रांग लागते. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. मी आपोआपच दुकानात जायला लागले कारण मोठीला वासाने उलटी व्हायची. जळालेल्या वार्निशचा तो वास. मला आवडायचा.

नाना आधी फक्त मोजायला लावायचे. जळालेली कॉइल कापून काढायची, वेढे किती आणि तारेचा गेज कोणता ते वहीत लिहायचं. सगळा खेळ त्या वहीवर असतो. वेढे चुकले की नवीन तांबंही पुन्हा जळतं. मग साच्यावर कॉइल गुंडाळणं, खाचेत कागद घालणं, त्यात कॉइल बसवणं, शेवटी दोरीने बांधून वार्निश. माझी बोटं बारीक, खाचेत कॉइल दाबून बसवायला नानांपेक्षा मी चांगली. ते स्वतःच म्हणायचे, फक्त माझ्यासमोर नाही.

गिऱ्हाईक यायचं आणि दारातूनच विचारायचं, "कुणी माणूस नाही का दुकानात?" नाना आत बसलेले असायचे. ते उठायचे, बाहेर यायचे, "ती सांगेल तेच" एवढं म्हणून समोर चहाला निघून जायचे. मुद्दाम. पाच एचपीच्या मोटरीला अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या बागायतदारासमोर मला एकटीला सोडून. मी बारावीत असेन तेव्हा. घाम फुटायचा. पण परत आले की "काय ठरलं?" असं विचारायचे आणि जे ठरलं असेल तेच घ्यायचे, कमी असलं तरी.

लग्नानंतर मी दुसरं दुकान टाकलंय. कपबशी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, माझी मोठी बहीण सुटली कारण तिला उलटी व्हायची, तिला कुणी विचारलं म्हणून सुटली नाही.

हडसनकाठ

वायंडिंगवाली, तुमच्या नानांना माझा नमस्कार सांगा.

मास्तरांचा_धाकटा

आमचे वडील झेडपी शाळेत गुरुजी. त्यांचा काय धंदा, असं वाटेल. पण मार्च-एप्रिलमध्ये पेपरांच्या गठ्ठ्यांवर मार्कांच्या बेरजा करायला घरातली सगळी बसायची. आणि गुरुजींना शिकवण्याखेरीज जी शंभर कामं लावतात त्यात आम्ही बिनपगारी हाताखालचे. पल्स पोलिओ, मतदार याद्या, सगळीकडे.

त्यातलं एक सांगतो. २००१ ची जनगणना. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघरी फिरायचं आणि २८ च्या रात्री ज्यांना घर नाही त्यांची मोजणी. वडिलांनी मला बॅटरी धरायला नेलं. एसटी स्टँड, देवळाचा मागचा ओटा, पुलाखाली. दिवसा मी त्याच स्टँडवरून शाळेत जायचो, तिथे इतकी माणसं झोपतात हे मला ठाऊकच नव्हतं.

वडील प्रत्येकाला हळूच उठवायचे, समोर उकिडवे बसायचे आणि "अहो, जरा नाव सांगता का?" असं विचारायचे. घरात आम्हाला "ए गाढवा" म्हणणारा माणूस! एका म्हाताऱ्याने नाव सांगितलं, मग वय विचारल्यावर म्हणाला, "तुम्हीच लिवा काय ते." वडील म्हणाले, "मी कसं लिहू? गावात मोठा पूर आला होता तेव्हा तुम्ही केवढे होता?" तिथून धरून दोघांनी मिळून वय काढलं. पंधरा मिनिटं गेली एका माणसाला. मागे फॉर्मांची थप्पी पडलेली, थंडी वाजतेय, माझी बॅटरी हलतेय.

वडील घरात कसे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. ते दुसऱ्याशी कसे बोलतात हे पाहायला त्यांच्या कामावरच जावं लागतं. माझ्या मते धागाकर्त्यांच्या मुलाला दुकानात नेण्याचं एवढं एक कारण पुरेसं आहे, एल्बो ओळखता आले नाहीत तरी चालतील.

चाड्यावरची_मूठ

+१. आमचे दादा बैलाशी जेवढं बोलायचे तेवढं आमच्याशी बोलले नाहीत. पण ऐकायला तर मिळालं.

नाव_नको

बरेच दिवस वाचतोय, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. आमच्यात उलट झालं. त्यांनी मला त्यांच्या कामाच्या जवळ फिरकू दिलं नाही. आई डबा द्यायला पाठवायची, तर ते नाक्यावर येऊन थांबलेले असायचे. "इथून पुढं यायचं नाही." डबा घ्यायचे, तो खाली ठेवायचे, हात मागे घ्यायचे. मी गेल्यावरच उघडत असणार. पहाटे ते गेलेले असत आणि घरात यायच्या आधी मोरीत अंघोळ, कपडे बाहेरच्या दोरीवर. काम काय आहे ते मला वासावरून कळायचं, बोललं कधीच गेलं नाही.

लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. आमच्या वस्तीत तो मोठा आधार आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, कित्येक घरं त्यावर उभी आहेत. वडील निवृत्तीला आले तेव्हा लोक विचारायला लागले, पोराचा अर्ज भरला का? आतेभावाने फॉर्म आणून दिला. वडिलांनी घेतला, ट्रंकेत ठेवला, भरला नाही. मी तेव्हा बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेलो. आई रोज भांडायची. पर्मनंट नोकरी हातची जात होती, तीही माझ्या बेकारीत. वडील म्हणायचे, "बघू."

मुदत गेली. नंतर मला बँकेत लागलं, पण ते नंतर. तेव्हा लागेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

इथे सगळ्यांनी वडिलांकडून काय शिकलो ते लिहिलंय. वाचून छान वाटलं, थोडा हेवाही वाटला. म्हटलं हेही असू द्या.

कपबशी

@नाव_नको, लिहिलंत ते बरं केलंत. ट्रंकेतला फॉर्म लक्षात राहील.

रापणकर

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहू नये असं वाटतंय, पण धागाकर्त्यांच्या पैशाच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

मालवणकडे रापणीत वाट्याचा हिशोब असतो. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. मासळी आली की तिचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, आणि ओढणाऱ्या माणसांचा. बाबा दोराला असले की मी त्यांच्या मागे. "झिला, दोर सोडू नुको रे!" दोर ओला, वाळू पायाखालून सरकते, आणि सोडायचा म्हटला तरी सोडता येत नाही कारण मागचा पुढचा सगळे त्याच दोराला.

पोरांना आधी वाटा नसायचा. जाळ्यातून निसटून पडलेले तारले-पेडवे वेचायचे, ते आपले. मग एका मोसमात वाटे घालताना आमच्या घरापुढे बाबांच्या वाट्याशेजारी एक छोटा ढीग पडला. कुणी काही बोललं नाही. तो माझा होता. आईने त्याचंच वेगळं कालवण केलं, आणि मी ताटावर असा बसलो जसा काय ट्रॉलरचा मालक.

पर्ससीन जाळी (भर समुद्रात मासळीला घेरणारी मोठी जाळी) आल्यापासून रापणीला पूर्वीसारखं मिळत नाही, तो वेगळा धागा होईल. पण पैशाचं म्हणाल तर द्या, आणि हातात गुपचूप देऊ नका. दुकानातल्या बाकीच्या पोरांना जसे मोजून देता तसे त्यांच्यासमोर द्या.

कायद्याचं_बोला

हा विचार आवडला. वहीत नोंद पण करा. (सवय जात नाही.)

पेणची_पोर

आमच्याकडे सगळ्या गावाचाच हा धंदा. पेण, हमरापूर, जोहे, या पट्ट्यात लहानपणी गणपतीला हात लावला नाही असं पोर शोधून सापडणार नाही. पहिलं काम घासकाम. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, नाकात-कानात पांढरी भुकटी. मग धोतराचा रंग, मग उंदीर (उंदीर बिघडला तरी चालतो!), मग दागिने. डोळे मात्र बाबाच.

आखणीला बसले की बाबा कुणाशी बोलत नसत. सकाळचा पहिला चहा झाला की बसायचे. एका डोळ्याची रेघ ओढली की दुसऱ्याची लगेच, मध्ये उठायचं नाही. नाहीतर दोन डोळे दोन दिशेला बघतात, आणि असा गणपती गिऱ्हाईक परत करत नाही, पण पुढच्या वर्षी येतही नाही.

मला आखणी करायला मिळाली ती बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. ऑर्डरी घेतलेल्या होत्या, इलाज नव्हता. ते पट्टी लावून शेजारी बसले आणि ब्रश टेकवायच्या आवाजावरून मला हळू, जोरात सांगत होते. आता मी कधीकधी त्यांना मुद्दाम विचारते, कोणता तुमचा आणि कोणता माझा? ते म्हणतात, "तुझा जरा रागीट बघतो."

चहाटळ

उंदीर बिघडला तरी चालतो :) बिच्चारा. आमच्या घरच्या उंदराच्या तिरळेपणाचं कोडं आज सुटलं.

गल्ल्यामागचा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वडिलांना वाचून दाखवला. खिळेजुळारींच्या शेतापाशी त्यांनी चष्मा काढला, आणि कपबशींचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

तर असं ठरलं. क्लास सकाळी आहे, तो लावलाय. दुकान दुपारी चार ते सहा, मामांच्या हाताखाली, आणि नको वाटलं तर त्याने बायकोला सांगायचं, मला नाही. मला सांगायला तो कचरेल असं तीच म्हणाली, आणि तिचं बरोबर आहे. पगार शनिवारी, सगळ्यांबरोबर, रजिस्टरला सही करून. "छोटे शेठ" बंद.

सध्या येतोय. मामांनी त्याला खोकी लावायला दिली. त्याने काय केलं, तर प्रत्येक खोक्यावर आतल्या मालाचा फोटो चिकटवला. माझे वडील आले, बघितलं, म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं कुणाला?" तीस वर्षं मी त्या खोक्यांशी झटलो आणि त्यांनी माझ्याकडे बघून हा प्रश्न विचारला! बाकी त्याला माल विकण्यात काडीचा रस नाही. गिऱ्हाईक आलं की मामांच्या मागे जाऊन उभा राहतो. बघू.

काजंबटण

मागे उभा राहतोय ना, राहू द्या. तिथून ऐकू येतं.

पेपरवाल्याचं_पोट्टं

अवांतर होते, माफी असावी. @वायंडिंगवाली ताई, आमच्या घरची एक एचपीची मोनोब्लॉक मोटर बटन दाबलं की नुसती गुंगगुंग करते, फिरत नाही. मेकॅनिक म्हणते रिवायंडिंग करा लागन. खरंच लागन काय?

वायंडिंगवाली

लगेच नको. आधी मेन बंद करा, मागची जाळी काढून पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरत असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलाय, तो स्वस्तात होतो. फिरत नसेल तर पाण्यावाचून पडून राहिल्याने आतून जाम झालीय. जळालेली असती तर वास आला असता. वास आला का?

पेपरवाल्याचं_पोट्टं

वास नाही आला. थांबा, पाहून येतो.

गल्ल्यामागचा

कपॅसिटर आमच्या दुकानात आहे! जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा बघून या, चारनंतर आलात तर फोटोचं खोकं लगेच सापडेल.

पेपरवाल्याचं_पोट्टं

पंखा फिरला! धन्यवाद ताई. पण गल्ल्यामागचा भाऊ, मी अकोल्याले राहतो, कपॅसिटर घ्याले नाशिकले येऊ काय?